भेदभाव मोजणारा माणूस : डॉ. सुखदेव थोरात यांची कारकीर्द आणि अहिल्यानगरच्या तरुणांसाठी तिचा अर्थ

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दोन गावांची नावे आपल्या पिढीला विसरता येणार नाहीत : नेवासा तालुक्यातील सोनई आणि जामखेड तालुक्यातील खर्डा. 1 जानेवारी 2013 रोजी सोनई परिसरात सफाई कामगार समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. 28 एप्रिल 2014 रोजी खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित शाळकरी मुलाला मारून टाकण्यात आले. दोन्ही वेळा मोर्चे निघाले, निवेदने गेली, नेते आले आणि गेले. निकाल मात्र वेगवेगळे लागले. सोनईत घटना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. तरीही परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी उभी राहिली आणि जानेवारी 2018 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. खर्ड्यात साक्षीदार होते, पण महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

दोन्हीकडच्या आईबापांचे दुःख सारखेच होते. फरक पडला तो पुराव्याने. ही गोष्ट आपल्या चळवळीने नीट समजून घ्यायला हवी, असे आम्हाला वाटते. अन्याय झाला हे आपल्याला माहीत असते, पण ते न्यायालयाला, शासनाला आणि 'आता कुठे जात राहिली आहे' असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला पटवून देण्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे बहुतेक वेळा नसते.

ही सामग्री तयार करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या महाराष्ट्राच्या सुपुत्राची माहिती आज आम्ही देत आहोत. अर्थशास्त्रज्ञ, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात. ते आपल्या जिल्ह्याचे नाहीत, अमरावतीचे आहेत. त्यांची कामाची रीत मात्र आपल्या जिल्ह्याला आज फार गरजेची आहे.

थोडक्यात ओळख

जन्म : 1949, महिमापूर, जिल्हा अमरावती.

शिक्षण : मिलिंद महाविद्यालय, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून पदवी, मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए.; दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून पीएच.डी.

अध्यापन : औरंगाबादच्या वसंतराव नाईक महाविद्यालयात 1973 ते 1980, त्यानंतर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ.

संस्था : दिल्लीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज या 2003 मध्ये सुरू झालेल्या संशोधन संस्थेचे संचालक.

सार्वजनिक पदे : विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष (2006 ते 2011), त्यानंतर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे अध्यक्ष, कर्नाटक राज्य शिक्षण धोरण आयोगाचे अध्यक्ष (2023 मध्ये नियुक्ती, 2025 मध्ये अहवाल सादर).

सन्मान : पद्मश्री, 2008.

नागसेनवनातून दिल्लीपर्यंत

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या नागसेनवनात मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि आपल्या नगर भागातूनही पोरे आली. बहुतेकांच्या घरात अक्षर ओळखणारा कोणी नव्हता. वसतिगृहाची खोली, एक वेळचे जेवण आणि ग्रंथालय एवढ्या भांडवलावर एक आख्खी पिढी घडली. कोणी कवी झाले, कोणी प्राध्यापक, कोणी अधिकारी. दलित साहित्याची आणि नामांतराच्या लढ्याची मुळेही याच परिसरात आहेत.

थोरात सर याच परिसराचे विद्यार्थी. त्यांनी निवडला अर्थशास्त्राचा मार्ग. त्या काळी अर्थशास्त्राच्या पुस्तकात जात हा शब्द क्वचितच सापडे. गरिबी मोजली जाई, जमीन मोजली जाई, मजुरी मोजली जाई, पण मजूर कोणत्या जातीचा आहे आणि त्यामुळे त्याला काम मिळताना, माल विकताना, खोली भाड्याने घेताना काय सोसावे लागते, याची मोजदाद नव्हती. जे मोजले जात नाही, ते धोरणात येत नाही. थोरात सरांनी आपले काम इथे सुरू केले.

बाबासाहेबांच्या एका दुर्लक्षित बाजूवरही त्यांनी पुस्तक लिहिले. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पाणी, वीज आणि आर्थिक नियोजनाचे जे काम केले, त्याचा हा अभ्यास आहे. दामोदर खोरे प्रकल्पाची पायाभरणी याच काळातली. बाबासाहेबांना फक्त एका समाजाचे नेते म्हणणाऱ्यांना हे पुस्तक म्हणजे कागदपत्रांसह दिलेले उत्तर आहे.

एकच अर्ज, तीन आडनावे

2004 नंतर देशात खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा जोरात होती. उद्योगांचे म्हणणे असे, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, आमच्याकडे जातीला थारा नाही. यावर भाषण करून उत्तर देता आले असते. थोरात सर आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी प्रयोग करायचे ठरवले.

ऑक्टोबर 2005 पासून 66 आठवडे वृत्तपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. बदलायचे ते फक्त नाव : एकावर उच्चवर्णीय हिंदू आडनाव, एकावर दलित आडनाव, एकावर मुस्लीम नाव. अर्जात जातीचा, सवलतीचा किंवा आरक्षणाचा कुठेही उल्लेख नव्हता. 548 जाहिरातींना मिळून 4,808 अर्ज गेले.

पुढच्या टप्प्यासाठी कोणाला बोलावणे येते, याची नोंद ठेवली गेली. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली. मुस्लीम नावाच्या अर्जाला ती एक तृतीयांशच निघाली. हा अभ्यास ऑक्टोबर 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. याच मालिकेतील दुसऱ्या अभ्यासात मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती होत्या. मुलाखतीत उमेदवाराला 'कुटुंबाची पार्श्वभूमी' का विचारली जाते आणि त्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नातून काय काय गाळले जाते, हे त्यातून पुढे आले.

आपल्यापैकी किती जणांनी हा प्रश्न ऐकला आहे! 'वडील काय करतात?' 'गाव कोणते?' 'पूर्ण नाव सांगा.' पुण्यातल्या, सुप्यातल्या, नगरच्या एमआयडीसीतल्या मुलाखतीला गेलेल्या मुलांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण अनुभवाला आकडा मिळाल्यावर त्याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही. पुढे 2015 मध्ये दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांबाबतही थोरात सर आणि सहकाऱ्यांनी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. नाव कळताच 'खोली आत्ताच गेली' हे उत्तर कोणाला अधिक मिळते, हे त्यातही दिसले.

गावातले पाणी, शाळेतले ताट, रेशनचे दुकान

शहरापेक्षा गावाचा प्रश्न मोठा. 2001-02 मध्ये 11 राज्यांतील 565 गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी तिच्यावर लिहिलेले पुस्तक 2006 मध्ये आले. त्यातील काही नोंदी अशा : 48.4 टक्के गावांत दलितांना पाणवठ्यावर बंदी किंवा वेगळेपणा होता. 37.8 टक्के गावांतील सरकारी शाळांत दलित मुलांना जेवायला वेगळे बसवले जात होते. 33 टक्के गावांत आरोग्य कर्मचारी दलित वस्तीतील घरी जायला तयार नव्हते. 23.5 टक्के गावांत पोस्टमन दलितांच्या घरी टपाल पोहोचवत नव्हता. 27.6 टक्के गावांत दलितांना पोलीस ठाण्यात शिरण्यापासून अडवले जात होते.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. अत्याचाराची फिर्याद जिथे द्यायची, त्या दारातच माणूस अडवला जात असेल, तर गुन्ह्यांची अधिकृत संख्या किती खरी मानायची?

थोरात सर आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील 531 गावांत मध्यान्ह भोजन आणि रेशन दुकान या दोन योजनांचा अभ्यास केला. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. योजना सगळ्यांसाठी असली तरी ताट कोणत्या वस्तीत वाढले जाते, स्वयंपाकाला कोणाला ठेवतात, रेशनचे दुकान कोणाच्या आळीत आहे आणि दुकानदार पोते कोणाला आधी मोजतो, यावरून ती कोणापर्यंत पोहोचणार हे ठरते, असे त्यांनी दाखवले. सर्वोच्च न्यायालयानेही 20 एप्रिल 2004 च्या आदेशात मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी आणि मदतनीसांच्या नेमणुकीत दलित व अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य देण्यास सांगितले होते. स्वयंपाकघरात आपली बाई असेल, तर पंगतीतला भेदभाव टिकणे अवघड जाते, हा त्यामागचा साधा विचार.

खुर्चीवर बसल्यावर

बाहेरून बोलणारे पुष्कळ असतात. खुर्ची मिळाल्यावर माणूस काय करतो, ही खरी परीक्षा. 2006 मध्ये थोरात सर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. अकराव्या पंचवार्षिक योजनेचा तो काळ. उच्च शिक्षणाचा प्रसार हा तेव्हा मोठा कार्यक्रम होता आणि आयोगाने पुन्हा मोजणीपासूनच सुरुवात केली. उच्च शिक्षणातील पटनोंदणी राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेले 374 जिल्हे शोधण्यात आले आणि तिथे आदर्श महाविद्यालये काढण्याची योजना आली. विद्यापीठांत समान संधी कक्ष आणि सामाजिक बहिष्करणाच्या अभ्यासाची केंद्रे उभी राहिली. अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी 2005-06 मध्ये सुरू झालेली राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप आयोगामार्फतच राबवली जात होती. खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी मुलामुलींची पीएच.डी. त्या पैशावर झाली.

याच काळात दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पुढे आल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2006 मध्ये थोरात सरांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली. मे 2007 मध्ये अहवाल आला. शिक्षकांचे सहकार्य न मिळणे, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतील दुजाभाव, वसतिगृहात काही ठरावीक मजल्यांवर एकवटले जाणे, मेस आणि खेळातून दूर ठेवले जाणे, असे सगळे त्यात नोंदले गेले. संस्थेच्या प्रशासनाने अहवाल मान्य केला नाही. तरीही देशातील सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत जातिभेद चालतो, हे पहिल्यांदाच सरकारी समितीच्या कागदावर आले. त्या कागदावरच्या शिफारशी सर्वत्र मनापासून अमलात आल्या असत्या, तर 2016 मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या बाबतीत जे घडले ते टळले असते का, हा प्रश्न आम्हाला आजही छळतो. 2012 मध्ये आयोगाने उच्च शिक्षण संस्थांतील समानतेसाठी विनियम काढले. पण अंमलबजावणीचा प्रश्न त्यानंतरही न्यायालयापर्यंत न्यावा लागला, आणि तो नेला रोहित आणि पायल यांच्या आयांनी.

यातून एक कठोर गोष्ट शिकावी लागते. अहवाल लिहून काम संपत नाही. अहवाल हातात घेऊन दहा वर्षे दारे ठोठावणारी माणसेही लागतात. 2017 मध्ये सामाजिक बहिष्करण अभ्यास केंद्रांचा निधी पुढे मिळणार की नाही, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना आवाज उठवावा लागला. महाराष्ट्रात बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना वारंवार उपोषणाला बसावे लागले. जे मिळाले आहे ते टिकवणे, हेसुद्धा धोरणाचेच काम आहे.

मतभेदही समजून घेऊ

ज्यांचा आपण आदर करतो, त्यांच्यावरची टीका लपवण्याचे कारण नाही. 2012 मध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील एका जुन्या व्यंगचित्रावरून वाद झाला. राज्यघटना तयार होण्याच्या गतीवरील त्या चित्रात बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले आणि नेहरू हातात चाबूक घेतलेले दाखवले होते. समाजात तीव्र संताप होता. पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयात तोडफोडही झाली. त्यानंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष थोरात सर होते. समितीने अनेक व्यंगचित्रे काढण्याची किंवा बदलण्याची शिफारस केली. समितीतील एक सदस्य, अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र भिन्नमत नोंदवले आणि अनेक विचारवंतांनी शिफारशींवर टीका केली.

आमचे मत असे, की वर्गात बसलेल्या दलित मुलाला ते चित्र पाहताना काय वाटते, हा प्रश्न विचारणे योग्यच होते. तोडफोड योग्य नव्हती. आणि पांडियन यांचे भिन्नमत अहवालात नोंदले गेले, हेही चांगलेच झाले. कागदावर मतभेद मांडता येतो, हीच आपल्या परंपरेची ताकद आहे.

ही बाबासाहेबांचीच रीत

कोणी म्हणेल, की आकडे आणि अहवाल हे दिल्लीच्या विद्वानांचे काम, चळवळ रस्त्यावर असते. पण ही रीत बाबासाहेबांचीच आहे. 1928 मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. शाळा, विहिरी, नोकऱ्या यांची माहिती घेत ते खानदेशात फिरले. 1929 मध्ये याच दौऱ्यात चाळीसगावला त्यांना टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतल्या अननुभवी माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. भेदभावाची चौकशी करायला निघालेल्या सरकारी समितीच्या सदस्यालाच भेदभावाने जखमी केले! 1930 मध्ये समितीचा अहवाल आला. मुंबई प्रांतात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते उभे राहिले, त्यामागे हा अहवाल होता. आजच्या समाजकल्याण विभागाचे मूळ तिथे सापडते.

वतनाचा प्रश्न तर थेट आपल्या जिल्ह्यात येतो. महार वतन म्हणजे तुटपुंज्या मोबदल्यावर रात्रंदिवस गावकी करण्याची सक्ती. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मधून त्यावर लिहिले आणि 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. डिसेंबर 1939 मध्ये आपल्या श्रीरामपूर भागातील हरेगावला वतनदार महार, मांग आणि वेठिया यांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाली. लेख, विधेयक आणि परिषद ही तिन्ही कामे एकाच माणसाने एकाच प्रश्नावर केली. तरीही वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले. तीस वर्षे लागली.

त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. ज्या मातीत बाबासाहेबांनी परिषद घेतली, तिथे 84 वर्षांनी हे घडते. म्हणून आम्ही म्हणतो, की हे काम अजून आपल्या पिढीच्या अंगावर आहे.

आपल्या जिल्ह्यात काय मोजायचे?

थोरात सरांसारखे दिल्लीत जाणे प्रत्येकाला शक्य नाही, त्याची गरजही नाही. चौदा तालुक्यांत आपली मुले-मुली आहेत. भीमजयंतीची वर्गणी काढताना घराघरांची यादी करता येते, तर पुढील कामेही करता येतील.

1. दक्षता समितीच्या बैठका. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांतील नियम 17 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय दक्षता व संनियंत्रण समिती असते. तिची तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हायला हवी. उपविभागीय पातळीवरही अशी समिती असते. मागील तीन वर्षांच्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्ते माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. बैठका झाल्या की नाही, हे कळणे हीच पहिली मोजणी.

2. पीडित आणि साक्षीदार. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम 15 अ आले. संरक्षण, प्रवासखर्च, सुनावणीची आगाऊ सूचना हे हक्क त्यात आहेत. आपल्या तालुक्यातील प्रत्येक प्रकरणात साक्षीदाराला हे मिळाले का, याची वही ठेवा. खर्ड्याचा धडा हाच आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम 4 आहे, तेही वाचून ठेवा.

3. वस्तीचा निधी. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना ग्रामपंचायतीत असते. मंजूर काम कोणते, पैसे किती आणि काम प्रत्यक्षात कोणत्या आळीत झाले, हे तीन रकाने आखा. वस्तीच्या नावाने आलेला रस्ता दुसरीकडेच वळला असेल, तर कागद आणि छायाचित्र शेजारी ठेवल्यावर दिसून येईल.

4. शाळा आणि अंगणवाडी. पोषण आहाराची पंगत, पाण्याचा माठ, वर्गातील बसण्याची जागा, शाळेच्या सफाईचे काम कोणाकडे येते, यांची शांतपणे नोंद करा. आरोप करण्याआधी चार वेगवेगळ्या दिवशी जा. एका दिवसाची गोष्ट म्हणजे तक्रार, चार दिवसांची नोंद म्हणजे पुरावा.

5. 2027 ची जनगणना. या वेळी जातींचीही गणना होणार आहे. 2011 मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची संख्या 65 लाखांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे 5.8 टक्के नोंदली गेली. देशातील प्रत्येक चार बौद्धांपैकी तीनहून अधिक महाराष्ट्रात आहेत. धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाते, ही अफवा आजही गावागावांत फिरते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्याही सवलती मिळाल्या आहेत. तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे आणि जातीच्या रकान्यात प्रमाणपत्रात असलेली, अनुसूचित जातींच्या यादीतील जात नोंदवावी. जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहिले, तर अनुसूचित जातींच्या मोजणीतून आपण गळू शकतो.

शेवटच्या मुद्द्यावर आपल्यातच वाद आहे, याची आम्हाला जाणीव आहे. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर पुन्हा जातीचे नाव कशाला, असे अनेक तरुण तळमळीने विचारतात. ही तळमळ खरी आहे. पण जात आपण मनातून काढली तरी समोरच्याने काढलेली नाही, हे 4,808 अर्जांनी दाखवून दिले आहे. रोग अंगावर असताना त्याची नोंद पुसली, तर औषधही बंद होते. धम्मात आपली ओळख बौद्ध आहे. जनगणनेतील जातीचा रकाना ही ओळख नव्हे, ती नुकसानीची नोंद आहे.

करिअर म्हणून

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या हजारो मुला-मुलींना एवढेच सांगायचे आहे, की लोकसेवा म्हणजे फक्त तहसीलदाराची किंवा फौजदाराची खुर्ची नव्हे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्य हे विषय घेणारी माणसे आपल्याला हवी आहेत. एखादा मुलगा तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत अडकला, म्हणजे त्याचे शिक्षण वाया गेले असे समजू नका. राज्यशास्त्र, अर्थव्यवस्था आणि शासनव्यवस्था त्याने वाचलेली असते. तालुक्याची दक्षता समिती, ग्रामपंचायतीचा आराखडा किंवा जिल्ह्याचा अर्थसंकल्प तो इतरांपेक्षा लवकर समजू शकतो. त्याला कामाला लावणे ही विहाराची, मंडळाची आणि आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.

दर पौर्णिमेला किंवा रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्यावा, अशी आमची विनंती आहे. एक वही, दोन पोरे, एक माहिती अधिकाराचा अर्ज, एवढ्यावर सुरुवात होते. थोरात सरांनी पाहिलेला भेदभाव आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. त्यांनी तो लिहून ठेवला, मोजला आणि ज्यांना निर्णय घ्यायचा होता त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आपल्या गावापुरते हे काम आपल्याला करता येईल. सोनई, खर्डा आणि हरेगाव ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे ते आता पुढे ढकलता येणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.